डावा मडगार्ड

गाडी बघायला बाई दहाला येणार होत्या आणि मी आठ वाजल्यापासून त्याच एका सीटवर फडकं फिरवत होते. सीट मीच शिवलेली. काळं रेक्झिन, मधून उभ्या शिवणी, कडेनं पांढरी गोट.

"अगं, झिजेल ती," हे म्हणाले. "गिऱ्हाइकाला बसायला थोडी शिल्लक ठेव."

हे म्हणजे मास्तर. शाळेतले नव्हेत, पत्र्याचे. आमच्या रस्त्यावर त्यांना दुसरं नाव नाही. चेपलेली गाडी आत यायची आणि आठ दिवसांनी अशी बाहेर पडायची, की मालकच विचारायचा, ठोकली होती ती हीच ना? वर्कशॉपचा पुढचा भाग ह्यांचा, हातोड्यांचा आणि ठोकळ्यांचा. मागच्या खिडकीपाशी माझं शिलाई मशीन आणि सीटकव्हरांचे गठ्ठे. आणि गेली सहा वर्षं, दोघांच्या मधोमध, ती गाडी.

अमेरिकन मसल कार. खरी नव्हे. खरी आम्ही दोघांनी चित्रातच पाहिलेली. कुणा हौशी माणसानं जुन्या टॅक्सीच्या सांगाड्यावर तिची नक्कल बांधायला घेतली आणि अर्ध्यावर त्याची हौस फिटली. आमच्या मागच्या अंगणात तो सांगाडा टाकून गेला. विचारायला गेलो तर म्हणाला, ठेवा, मोडा, काय वाटेल ते करा, मला दाखवू नका. तोवर गंजून तिची चाळण झाली होती. ह्यांनी तिला उभी केली. रविवारचे रविवार घातले, सणासुदीचे दिवस घातले, एकेक पत्रा कापून, तापवून, ठोकून नवा बसवला. लांबच लांब बॉनेट, बसकं टप, मागची बाजू रुंद. उभी असली तरी वाटावं, आता झेप घेईल. निळा रंग आणि नाकापासून शेपटीपर्यंत दोन पांढरे पट्टे.

रंग पेंटरभाऊंचा. शेजारची शेड त्यांची. मला भाऊ नाही. तीस वर्षांपूर्वी त्यांनी पहिल्यांदा ताई म्हणून हाक मारली आणि ती जागा भरली. दोघा पुरुषांचा चहा रोज चार वाजता एकाच किटलीतून व्हायचा. व्हायचा म्हणते, कारण गेल्या वर्षापासून तो बंद पडला होता, आणि त्याचं कारण मी होते. निदान मला तसं वाटत होतं.

ते सांगायचं तर आधी लांबीबद्दल सांगायला हवं. लांबी म्हणजे पत्र्यावरचा खड्डा बुजवायचा लगदा. ठोकून सरळ करायचा कंटाळा आला की लांबी भरायची, वाळली की काचकागदानं घासायची, वरून रंग मारायचा. सगळे भरतात. ह्यांनी ह्या गाडीत बोटभरसुद्धा भरली नव्हती. येईल त्याला सांगायचे, "हिच्या अंगावर लांबी नाही. जे आहे ते पत्रा आहे." सांगताना तळहात गाडीवरून असा फिरायचा, जसा कुणी झोपलेल्या लेकराच्या पाठीवरून फिरवावा.

अकरा महिन्यांपूर्वी ह्यांचं हर्नियाचं ऑपरेशन झालं. चार दिवस दवाखान्यात. तिसऱ्या दिवशी मी कपडे न्यायला घरी आले तर वर्कशॉपच्या छताखालून जाणारा पाण्याचा नळ गळत होता, बरोबर बॉनेटवर. म्हटलं चार हात मागं घेऊ. गाडी चालवता येते मला, म्हणजे येते असं लायसनवर लिहिलंय. क्लच जड होता, माझा पाय घाईत होता. गाडी मागं गेली ती थेट ड्रिल मशीनच्या लोखंडी पायावर. डावा मडगार्ड, मागच्या चाकाच्या वर. आवाज मोठा नव्हता. मोठा असता तर बरं, निदान रडू आलं असतं.

पेंटरभाऊ धावत आले. बघितलं, डोकं खाजवलं. "ताई, मी रंगवणारा. मला ठोकता येत नाही."

"मग भरा," मी म्हटलं.

"ह्या गाडीत? लांबी?"

"भाऊ, मी पाया पडते."

त्यांनी ओढून निघेल तेवढं बाहेर काढलं, उरलेलं भरलं, घासलं, रंग मारला. ताज्या रंगाचा वास लपेना म्हणून वरून सगळ्या गाडीला चमक मारली, आणि हे घरी आल्यावर सांगितलं, "मास्तर, तुम्ही नव्हता तर एक हात क्लिअरचा मारून ठेवला." त्या संध्याकाळी ह्यांनी टाके सांभाळत गाडीभोवती फेरी मारली. तळहात टपावरून उतरला, डाव्या मडगार्डवर आला. मी मशीनवर बसले होते. पायडलवरचा पाय थांबला. हात तिथून पुढं गेला.

माणसाला अशा वेळी हायसं वाटतं. मलाही वाटलं, अर्धी घटका. मग तेही उरलं नाही. कारण त्या हातानं चुकायला नको होतं. रंगाखाली अडकलेला ब्रशचा केस ह्या माणसाला डोळे मिटून सापडायचा. वीतभर लांबी हाताखालून जाते आणि हाताला कळत नाही, म्हणजे काय झालं? चाळीस वर्षं हातोडी मारून ठोकणाऱ्यांची बोटं बधिर होतात, हे मी ऐकून होते. मग मी बघायला लागले आणि मला दिसायला लागलं. शर्टाची बटणं लावताना वेळ लागतो. थंडीत सकाळी बोटं चोळत बसतात. एकदा कप निसटला. एकदा सुईत दोरा ओवून मागितला तर सुई परत माझ्याकडेच दिली.

आता मी सांगायचं तरी काय? गाडी मी चेपली, हे सांगणं सोपं होतं. पण ते सांगितलं की दुसरं आपोआप सांगितलं जाणार. तुमच्या हाताखालून गेली आणि तुम्हाला समजली नाही. हातांवर जगलेल्या माणसाला हे त्याच्या बायकोनं सांगायचं?

शिवताना मी गुणगुणते. पूर्वी बायका दळताना म्हणायच्या तसं, आपलंच जुळवलेलं काहीतरी. त्या वर्षात एकच ओवी तोंडात बसली होती:

सुई चालली पुढं पुढं, दोरा लागला तिच्या पाठी,
मनात बसली बाई, एक बारीकशी गाठी.

शेवटी मीच म्हटलं, गाडी विकूया. जागा अडते, सहा वर्षं झाली, आता कुणीतरी चालवू दे. हे फार सहज हो म्हणाले. मला तेही लागलं. वाटलं, हात गेले तसं मनही गेलं गाडीवरून. पण म्हटलं, गाडी गेली की लांबी गेली, आणि ह्यांना कधीच काही कळणार नाही. घेणाऱ्याला फसवायचं नव्हतं. बाजूला घेऊन मी खरं सांगणार होते. तेवढं जमलं की सुटले.

दहाला पाच कमी असताना बाई आल्या. पन्नाशी ओलांडलेल्या, आखूड केस, पायात दणकट बूट. इमारतींच्या लिफ्ट तपासायचं काम करायच्या. नुकत्याच निवृत्त झालेल्या. फोनवर ह्यांच्याशी सगळं बोलणं झालं होतं, भावसुद्धा.

"आयुष्यभर वर-खाली केलं," त्या गाडीकडे बघत म्हणाल्या. "आता म्हटलं, जरा पुढं जाऊ."

हे हसले. बाई मला आवडल्या, आणि म्हणून जास्तच भीती वाटली. मी म्हटलं, "ताई, आधी आत या ना, पाणी घ्या, मला जरा तुमच्याशी..."

"घेते की. आधी एवढं करू दे." त्यांनी पिशवीतून पायमोजा काढला. मोज्यात काहीतरी जड होतं. "चुंबक आहे. रंगाला ओरखडा नको म्हणून मोज्यात. रागावू नका हं मास्तर, सवय आहे. माझा माणसांवर विश्वास असतो, पत्र्यावर नसतो."

चुंबक पत्र्याला धरतं, लांबीवरून घसरतं. हे आमच्या धंद्यात लहान पोराला ठाऊक असतं. मी ह्यांच्याकडे बघितलं. हे हातातलं फडकं घडी करत होते. अगदी शांतपणे, कोपऱ्याला कोपरा लावून. मला वाटलं, आता 'हिच्या अंगावर लांबी नाही' म्हणतील. मग लक्षात आलं, ते वाक्य त्यांच्या तोंडून मी वर्षभरात ऐकलंच नव्हतं.

बाईंनी बॉनेटपासून सुरुवात केली. टक. मोजा चिकटला, सोडवला. टक. उजवं दार. टक. टप. टक. प्रत्येक वेळी बाई मान हलवायच्या आणि माझ्या छातीत काहीतरी एक पायरी खाली उतरायचं.

"सीट बघितली का?" मी म्हटलं. "स्प्रिंगा नव्या आहेत."

"बघते."

"डिकी उघडून दाखवू?"

"दाखवा की, सगळं बघायचंय मला." टक.

"चहा गार होईल."

"केलाय का?"

केला नव्हता. आता डिकी झाली, आता मागची डावी बाजू. मी जाऊन मडगार्डला पाठ लावून उभी राहिले. हातात फडकं, तोंडावर हसू, जशी काही मी गाडीबरोबर फुकट मिळणारी वस्तू आहे.

"जरा सरकता का?" बाई म्हणाल्या.

"इथं वारा चांगला लागतो."

हे म्हणाले, "अगं, सरक. बाई, तिथं तुमचं चुंबक धरणार नाही."

बाईंचा हात थांबला. माझं तर सगळंच थांबलं.

"लांबी आहे तिथं," हे म्हणाले. "मी तुम्हाला सांगणारच होतो, तुम्ही तिथवर आलात की." त्यांनी मला दंडाला धरून हळूच बाजूला केलं, तळहात मडगार्डवर ठेवला आणि डोळे मिटले. "चाकाच्या वर चार बोटं सोडून सुरू होते. वीतभर लांब. पुढच्या टोकाला जाड, मागं पातळ होत जाते. इथं, मधे, कागद जास्त फिरलाय. खोलगट आहे. केसाएवढं."

बाईंनी चुंबक लावलं. ते घसरून त्यांच्याच हातात पडलं. एक वीत पुढं सरकवलं. टक.

मी खाली बसले. स्टूल नव्हतं, तरी बसले, फरशीवर. हसू येत होतं की रडू, ते ठरायच्या आधीच दोन्ही आलं.

"अहो," मी म्हटलं, "तुम्हाला लागते हाताला?"

"काय लागते?"

"ती. लांबी."

"मग काय पायाला लागणार?"

"कधीपासून?"

"दवाखान्यातून आलो त्या संध्याकाळपासून. हात ठेवला तेव्हाच समजलं." ह्यांनी शेजारच्या शेडकडे नजर टाकली आणि आवाज खाली आणला. "तुझा भाऊ आहे म्हणून बोललो नाही. चमक मारताना त्याच्या हातून काहीतरी आदळलं असणार. मला सांगायची त्याला लाज वाटली, भरून मोकळा झाला. म्हटलं, आज सांगेल, उद्या सांगेल. तीस वर्षांचा दोस्त आणि माझ्यापासून लपवतो. मग मला त्याचा चहा गोड लागेना. गाडीकडेही बघवेना. तू विकू म्हणालीस तेव्हा बरंच वाटलं."

"पेंटरभाऊंनी नाही चेपली," मी म्हटलं. "मी चेपली."

आणि फरशीवर बसूनच सगळं सांगितलं. नळ, क्लच, ड्रिल मशीन, पाया पडते. बाई आमचं स्टूल ओढून त्यावर बसल्या. "मी थांबते," त्या म्हणाल्या, "माझी घाई नाही. लिफ्टमधे अडकलेल्यांचं ऐकून घ्यायची मला सवय आहे."

ह्यांनी ऐकून घेतलं. मधे फक्त एकदा विचारलं, "तुला लागलं नव्हतं ना?"

"मला कशाला लागेल? गाडीला लागलं."

"मग एवढं वर्षभर पोटात का ठेवलंस?"

तेव्हा खरं सांगावं लागलं. मी त्यांच्या हातांकडे बघून म्हटलं, "मला वाटलं, तुमच्या हातांना कळत नाही आता. मी सांगितलं तर तुम्हाला ते समजेल."

हे माझ्यासमोर उकिडवे बसले. दोन्ही तळहात उलटे-सुलटे करून असे बघितले, जसे कुणा दुसऱ्याचे आहेत.

"थंडीत मुंग्या येतात," ते म्हणाले. "सकाळी. खोटं कशाला बोलू? चोळले की जातात. पुढं काय होईल ते माहीत नाही. आज तरी कळतंय."

"आणि बटणं?"

"बटणं लागत नाहीत कारण तू काजं लहान करतेस. लग्न झाल्यापासून करतेस. कोण सांगणार तुला?"

"आणि सुईत दोरा?"

"चष्मा घरी होता."

स्टुलावरून बाई फसकन हसल्या आणि मग, सॉरी हं, म्हणाल्या. मीही हसले. अकरा महिने छातीवर पाटा ठेवून झोपावं आणि कुणी सहज येऊन तो उचलावा, तसा श्वास आत गेला. आत इतकी जागा होती, मला माहीतच नव्हतं.

ह्यांनी उठून दारातून हाक मारली. "पेंटर! ये, बस."

पेंटरभाऊ आले ते हात पुसत, तोंड कोरं करून. खाली बसलेली मी, स्टुलावर परकी बाई, बाईंच्या हातात मोजा. त्यांना काय समजायचं ते समजलं.

"सांगितलंस ताई?"

"सांगितलं."

"मास्तर, मला वाटलं तुम्हाला कधीच कळलंय आणि म्हणून फुगलाय. माझी चूक झाली, पण तिनं शब्द घेतला होता."

"चूक झालीच," हे म्हणाले. "मधे खोलगट ठेवलंस."

"कुठं?"

"इथं."

"काही खोलगट नाही."

"हात लाव."

"लावला. सपाट आहे."

"तुझे हात ब्रश धरायचे रे, तुला काय कळणार?"

"आणि तुमचे? कान गेलेत हातोडीनं, आता डोळे..."

दोघं मडगार्डवर वाकून भांडायला लागले. मी चहा ठेवायला उठले. किटली शोधावी लागली. वरच्या फळीवर, धूळ खात.

चहा झाल्यावर बाई म्हणाल्या, "मग आता विकायची आहे की नाही? कारण मला तर आता हीच हवी. आणि लांबीसकट चालेल मला. वीतभरच आहे."

"लांबीसकट मी देत नाही," हे म्हणाले.

मी घाबरत विचारलं, "म्हणजे विकायचीच नाही?" माझं कारण तर आता उरलं नव्हतं. ठेवू म्हणाले असते तर मी हो म्हटलं असतं.

ह्यांनी गाडीकडे बघितलं. तळहात बॉनेटवर टेकला, उचलला. "विकायची. चार वर्षं रविवारी उठलो की काहीतरी बाकी असायचं. आता दोन वर्षं मी नुसता पुसतोय. उभी राहून गंजेल परत. बाई चालवतील तरी." मग बाईंना म्हणाले, "आठ दिवस द्या. ते खरवडतो, पत्रा वर काढतो. मग तुमचा मोजा कुठंही फिरवा."

बाईंनी दिले आठ दिवस. जाताना मला म्हणाल्या, "मडगार्ड तुम्ही चांगला झाकत होता. उंची थोडी कमी पडली."

रविवारी आम्ही तिघांनी ते काम केलं. पेंटरभाऊंनी रंग आणि लांबी खरवडून पत्रा उघडा केला. माझ्या क्लचनं केलेला खड्डा वर्षभरानं उजेडात आला. भाऊंनी बराच ओढून काढला होता, तरी मी नजर दुसरीकडे वळवली. आतल्या बाजूला हात घालायला जागा अरुंद. ह्यांचं मनगट जाईना, भाऊंचं तर त्याहून नाही. माझा हात गेला. लोखंडी ठोकळा आतून पत्र्याला टेकवून मी धरला आणि बाहेरून हे हलक्या हातोडीनं ठोकायला लागले.

"डावीकडे घे. अजून. बस. दाब."

हातोडीचा एकेक ठोका पत्र्यातून ठोकळ्यात आणि ठोकळ्यातून माझ्या तळहातात येत होता. बाहेरचं मला दिसत नव्हतं. गाल गाडीला टेकलेला, डोळ्यांसमोर नुसता निळा रंग. पण प्रत्येक ठोका कुठं पडणार ते आधीच ठरलेलं असावं तसा पडत होता. एक भारी, दोन हलके. एक भारी, दोन हलके. मधे थांबायचं, तेव्हा मला माहीत असायचं की आता हात फिरतोय. मग परत, थोडं पुढं. पत्रा तसूतसूनं माझ्यापासून लांब जात होता, जिथं जायचा तिथं. माझा हात अवघडला, खांदा भरून आला, पण मी सांगितलं नाही. त्या हातांचं असं मोजमाप मला लग्नानंतर इतक्या वर्षांत कधी घेता आलं नव्हतं.

"दुखतोय का हात?" बाहेरून विचारलं.

"नाही. तुम्ही चालू द्या."

सोमवार ते गुरुवार रंगाचे कोट झाले. शनिवारी बाई आल्या. ह्यांनी म्हटलं, फिरवा मोजा. बाई म्हणाल्या, आणलाच नाही. किल्ली फिरवली, गाडी दोन आचक्यांत बंद पडली, तिसऱ्यांदा घुमली. क्लच जड आहे, मी खिडकीतून सांगितलं, पाय घाईत सोडू नका. त्यांनी मान डोलावली आणि निळी गाडी शेपटीवरचे दोन पांढरे पट्टे दाखवत रस्त्याच्या टोकाला वळली.

वर्कशॉपच्या मधोमध केवढी तरी फरशी दिसायला लागली. मी म्हटलं, झाडून घेते. झाडू हातात घेऊन मशीनपाशी टेकले, रेक्झिनच्या गठ्ठ्यावर डोकं ठेवलं, आणि झोपले. भरदुपारी, कामाच्या दिवशी, असं मी जन्मात केलं नव्हतं. जाग आली तेव्हा उन्हं खिडकीच्या खालच्या फळीवर आली होती आणि बाहेर ते दोघं बोलत होते. पेंटरभाऊ म्हणत होते, दुसऱ्या कोटाला रंगात थिनर जास्त झाला असता तरी तुम्हाला समजलं नसतं. हे म्हणत होते, झालाच होता, मी बोललो नाही. कप बशीवर टेकल्याचा आवाज आला. मी डोळे मिटले आणि ऐकत पडून राहिले.